एका कडव्याचा उशीर

शनिवार, १४ नोव्हेंबर १९८१, दुपारचे चार. कॉव्हेंट्रीतल्या एका क्लबात आमचा कार्यक्रम त्या वेळी सुरू झाला. माझ्या मते सांगण्यासारखं तिथूनच सुरू होतं. पण तुम्ही जन्मापासून विचारता आहात, म्हणून तेही सांगतो.

जन्म नागपूरचा. वडील इथल्या फाउंड्रीत लोखंड ओतण्याच्या कामाला आले आणि मी आठ वर्षांचा असताना आई मला घेऊन मागून आली. नागपुरात वडील भीमगीतं गात, वस्तीत त्यांना मान होता. इथे ते चौदा एप्रिलला आमच्या पुढच्या खोलीत दहा-बारा घरच्या माणसांसमोर गात. गाणं माणसाला उभं करण्यासाठी असतं, नाचवण्यासाठी नाही, असं ते म्हणत, आणि मी स्का, म्हणजे जमैकाहून आलेलं तुटक ठेक्याचं नाचाचं संगीत, गायला लागलो तेव्हा एकदा दाराशी उभं राहून त्यांनी ऐकलं आणि विचारलं, गिटारला उचकी लागली आहे काय? मी म्हणालो, हाच ठेका आहे, बाबा. तर म्हणाले, मग तिला पाणी पाज.

बॅन्डमध्ये आम्ही सहा जण. म्होरक्या ड्रमर डेलरॉय, त्याचे आईवडील जमैकाचे, चौघे गोरे, गायक मी. असे वेगवेगळ्या रंगांचे लोक एका स्टेजवर उभे राहतात हेच काही डोकी भादरलेल्या गोऱ्या पोरांना सहन होत नसे, ती मारामारीसाठीच तिकीट काढून येत. त्यामुळे आमचा एक नियम होता. पुढे उभा असतो गायक, खालचं पहिलं त्यालाच दिसतं. त्यानं हात वर केला की वाजवणं तिथल्या तिथे बंद, दिवे लागणार, आणि भांडणारे बाहेर गेल्याशिवाय पुढचा सूर नाही. काय सांगू तुम्हाला, तो हात मी किती वेळा वर केला असेल.

वडील कधी आले नव्हते. त्या शनिवारी आले, कारण नव्या गाण्याच्या शेवटी मी त्यांनी रचलेलं एक कडवं, मराठीतच, ठेवलं होतं. सकाळी चहाच्या वेळी मी त्यांना सांगितलं, गडबड झाली तर घाबरू नका, मी हात वर करीन, सगळं थांबेल. ते म्हणाले, गडबड मी तुझ्याआधी पाहिली आहे.

गाणं शेवटाला आलं तेव्हा डाव्या दारानं सहा-सात जण घुसलेले मला दिसले. दिसले, हे मी लपवत नाही. वडील खांबाशी उभे होते, ठेक्यावर मान हलवत होते, आणि त्यांचं कडवं यायला दोनच ओळी राहिल्या होत्या. एवढं होऊ दे, असं मी ठरवलं. अर्ध्या मिनिटाची गोष्ट. मी कडवं गायलो, पूर्ण गायलो, तेवढ्यात खाली ग्लास फुटला, आणि मी हात वर केला तेव्हा वडील खांबाशी उभे नव्हते.

पुढे मी चौदा वर्षं गायलो. दोन रेकॉर्ड निघाल्या, लेस्टर झालं, ग्लासगो झालं, बॅन्ड मोडला, मग पबांमधून एकटा गायलो, घसा बसेपर्यंत. ते कडवं पुन्हा गायलो नाही. वडिलांनी पुढच्या एप्रिलपासून घरचं गाणं बंद केलं. कारण कोणाला सांगितलं नाही. १९९३ मध्ये ते गेले. मला त्यांनी कधी दोष दिला नाही, आणि तो द्यावा असं मलाही त्यांना सांगता आलं नाही. आता जे आहे ते आहे, माझी तक्रार नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं की उजवा डोळा वाचणार नाही. पट्टी बांधलेल्या वडिलांनी माझा आवाज ओळखला.

"मी तुझ्या हाताकडे पाहत होतो."

मग म्हणाले, सोमवारी सकाळची शिफ्ट आहे, कळवून ये. मी फाउंड्रीच्या फाटकावर गेलो. रखवालदारानं विचारलं, किती दिवस येणार नाहीत? वितळलेल्या लोखंडाजवळ एका डोळ्याच्या माणसाला उभं करत नाहीत, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. मी खरं ते सांगितलं. त्यानं लॉकरची किल्ली पुढे केली. मी लॉकर रिकामा केला, बूट आणि डबा पिशवीत घातले, किल्ली परत दिली आणि वहीत सही केली.