शुक्रवारी मशीन ओके

माझ्या लेकीचा, प्राचीचा, गेमिंगचा कॉम्प्युटर सुधारला का विचारताय ना? सुधारला. कसा तेही ऐका.

आमचं घर वर, खाली आमचेच कापड विणायचे लूम. गेम रंगात आला की प्राचीची स्क्रीन काळी व्हायची. तिने केबल बदलली, दुसरा मॉनिटर लावून पाहिला, फरक शून्य. दुकानवाला तीनदा आला. तिन्ही वेळा म्हणाला, "अंकल, मशीन तो एकदम ओके है."

तो यायचा शुक्रवारी, कारण मी तेव्हा घरी असायचो. आणि निजामपुऱ्यात शुक्रवारी लूम बंद. हे कुणाच्या डोक्यात येईल तर शपथ! चौथ्यांदा तो सोमवारी आला. खाली लूम सुरू झाले, वर स्क्रीन काळी.

"लूममुळे व्होल्टेज पडतंय," तो म्हणाला. "स्टॅबिलायझर लावून घ्या."

लावायची वेळच आली नाही. धंद्यात राम उरला नव्हता. गेल्या महिन्यात भंगारवाल्याने आठही लूम तोडून नेले.

त्याच संध्याकाळी प्राची वरून ओरडली, "पप्पा, आज स्क्रीन एकदाही गेली नाही!"

म्हटलं, "जाईल कशी? आपल्याकडे आता रोजच शुक्रवार."