गोड माल नको

सरकारी दवाखान्याच्या बाकावर शिंपीकाका नंबरची वाट बघत बसले होते. शेजारी एक फळवाला आणि त्याची बायको येऊन टेकली. फळवाल्याच्या मुठीत आत्ताच मिळालेले पैसे होते.

"पैसे मिळाले ना? मग तोंड का पाडलंय?" बायकोने विचारलं.

"नर्सबाई म्हणाल्या, हे रक्ताचे पैसे नाहीत. मी आपला वर्षभर समजत होतो, तपासायला रक्त घेतात, त्याचेच देतात."

"मग कशाचे म्हणाल्या?"

"रक्तातली साखर आटोक्यात ठेवल्याचं बक्षीस. आम्ही खाटेवर पडलो की सरकारला जास्त खर्च येतो म्हणे. आणि मी समजायचो, जग गोड माल मागतं, या दवाखान्यालाच तेवढं रक्त गोड नको. म्हणून तर गाडीवरचं एक द्राक्ष तोंडात टाकलं नाही."

"मला पहिल्यापासून ठाऊक होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही स्वतःला कधी जपलंत? विकायचा माल मात्र जिवापाड जपता. म्हटलं, असू दे तुमचा तो समज."

"गेल्या साली हा पाय कापायचाच म्हणत होते."

"आता जखम कुठे होती, ते शोधावं लागतं."

शिंपीकाकांनी आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. फळवाल्याने पाय लांब केला.

"खरं तर मीच या दवाखान्याला काही द्यायला हवं. आणि तुलाही."

"मला काही नको. चपला घ्या."

"तुला?"

"तुम्हाला. चांगली जोडी बघून घ्या."