गरुड पाहाले आलेली मंडळी

...आता त्याच्यात माही काय चूक, तुमीच सांगा. चिठ्ठीत साफ लिव्हलं होतं, 'रविवारी आमच्या मंडळाचे आठ सभासद आपल्या शेताजवळील गरुडांची जोडी पाहण्यास येत आहेत.' गरुडांची. म्या सोता वाचलं, दोनदा वाचलं, चष्मा पुसून वाचलं. आमचं वावर वान नदीच्या काठी, तिथं अर्जुनाच्या झाडावर गरुडानं खोपा केला, हे म्या संग्रामपूरच्या बजारात कोनाजवळ तरी बोललो असन, थे गेलं खामगावले, आन् तिथं वकील-मास्तर लोकाइचं पाखरं पाहाचं मंडळ हाय. आता पाखरं पाहाले मंडळ काऊन लागते, थे मले नका इचारू...

पन आमची घरवाली, मंजुळाबाई, चुलीपासून म्हनते, "कोन येऊन राह्यलं?" म्हनलं, खामगावचे आठ जन, गरुड पाहाले. थे हासली. "आठ मानसं, कोट-टोप्या घालून, एवढ्या दुरून पाखरू पाहाले येतेत? अवं, घरात लग्नाची पोरगी हाय. आपल्या शरयूले पाहाले येऊन राह्यले. असं उघड कोनी लिव्हते का चिठ्ठीत?" म्या काईच बोललो नाई.

काऊन नाई बोललो, थेही सांगतो. शरयूले अठरा सरून गेले. तीन ठिकानचे पाहून गेले, तिन्ही परतले. पोरगी नाकीडोळी चांगली, पन तोंडाची सरळ. एक जन ऐटीत म्हनला, आमची दीडशे एकर जमीन हाय. तर ही म्हनते, "मंग बैल तीनच काऊन?" झालं, पोहे अर्धे टाकून उठले थे. तवापासून मंजुळाबाई धड जेवली नाई हो, कोनाच्या लग्नाले गेली नाई. आन् त्या दिवशी, इतक्या महिन्यानं, तिच्या तोंडावर हासू आलं. थे म्या कशाले पुसू?

रविवारी आले बुवा. पुढं वामनराव वकील, मंडळाचे अध्यक्ष, गळ्यात दुर्बीन. मागं सात जन. घराले पाय न लावता सरळ नदीवर गेले आन् हरभऱ्याच्या वावरात पालथे पडले. आठच्या आठ. घंटाभरानं मंजुळाबाई पोह्याच्या ताटल्या घेऊन आली, तिच्यामागं नवं लुगडं नेसून शरयू. मंजुळाबाई जागीच थबकली. "अवं, ह्याइले काय झालं?"

वकीलसाहेब उठलेच नाई. पडल्या पडल्या, हळूच, पुस्तकातल्यासारखं म्हनतेत, "बाई, आवाज करू नका. ती बसली आहे."

"नाई जी, उभी हाय. तुमी म्हनान तवा बसवू."

"ती फार लाजाळू असते. माणसं दिसली की निघून जाते."

"आमची तशी नाई जी. तीन येळा लोक येऊन गेले, जागची हालली नाई."

"आणि एकदा जोडीदार मिळाला, की जन्मभर त्याला सोडत नाही."

"थे तर आमच्या घराची रीतच हाय."

आन् म्या कुठं? दोघाइच्या मधात, हातात पान्याचा तांब्या.

तवर शरयू फस्सकन हासली. "थो गिधाडाचा खोपा हाय," म्हनते. "घंटाभरापासून तुमी गिधाड पाहून राह्यले. गरुड तिकडं, अर्जुनावर."

वकीलसाहेब म्हनतेत, "मुली, आम्ही ग्रंथ वाचले आहेत."

"गिधाडानं वाचले नसतीन," शरयू म्हनते.

गेलं, म्हनलं, चौथंही गेलं. पन त्याइच्यातला एक तरणा मास्तर उठला, धोतराच्या मुंग्या झटकल्या, दुर्बीन अर्जुनाकडं फिरवली, आन् म्हनते, "अध्यक्ष, ह्या म्हणतात तेच खरं." मंग वकीलसाहेबानं पाह्यलं आन् अब्रू सावराले म्हनले, "वा! तो मोठा पाहा, तो नर. काय भव्य!"

"थे मादी हाय," शरयू म्हनते. "लहाना थो नर."

"अशक्य."

तेवढ्यात लहाना आला, पायात मासा धरून. मोठीनं मासा हिसकला, त्याच्याकडं पाठ केली आन् पिल्लाले भरवाले लागली. थो बिचारा बाजूच्या फांदीवर जाऊन बसला. मंडळातल्या लग्न झालेल्या साऱ्याइनं माना हालवल्या. म्हनले, लहानाच नर असन.

मास्तर सारं वहीत उतरवून घेत होता, ही सांगत होती. मासा कवा आनते, साप कवा आनते, अंडं कवा फुटलं. मंजुळाबाईनं त्याच्या हातात ताटली देल्ली आन् सुरू झाली, गाव कोनतं, घरी कोन, सोयरे कोन. थोही सांगत गेला. बीबी गावाकडचा, बाप शेती करते, आपल्याच जातकुळीतला, नाव नीळकंठ. मंजुळाबाई म्हनते, "म्हनजे दसऱ्याले पाहातेत थे पाखरूच." आता मात्र मले राहावलं नाई. त्याले बाजूले घेतलं आन् म्हनलं, मास्तर, घरवालीचा घोळ झाला, तिले वाटलं तुमी पोरगी पाहाले आले, मनावर नका घेऊ. तर थो खाली पाहून, कान लाल करून म्हनते, "घोळ आहे तसाच राहू द्या."

पंधरा दिवसात त्याच्या बापाचा निरोप. मंजुळाबाई आनंदानं रडली. शरयूले इचारलं, तर म्हनते, "हो. पन पिल्लू उडल्यावर. मी गेल्यावर इथली नोंद कोन ठेवन?" वकीलसाहेबानं लगेच मंडळाचा तसा ठराव करून धाडला. मास्तरही म्हनते, बरोबर हाय.

आता चैत सरला. पिल्लू कोंबड्यावानी मोठं झालं. खोप्याच्या काठावर येते, पंख पसरते, खाली पाहते, आन् पुन्हा बसून राह्यते. दर रविवारी मास्तर येते, वही तपासते, पोहे खाते. मंजुळाबाई रोज सकाळी झाडाखाली जाऊन हात जोडते, "उड ना रे माह्या राजा." काल महाराज पंचांग घेऊन दारात, म्हनतेत, वैशाखात चारच तिथी हायेत, कोनती धरू? म्हनलं, महाराज, मुलीच्या बापाले काय इचारता... वर झाडावर इचारा.