छातीत दुखलं नाही म्हणून

मंडळी, बसून घ्या. मागे खुर्च्या आहेत. तुम्ही कामं टाकून आलात, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातले सुहासचे सोबती थेट ठाण्याहून डोंबिवलीला आले. काय बोलावं, मला खरंच सुचत नाही.

मी शैला, सुहासची मोठी बहीण. आमच्या घरात अशा सभेत बोलायची पाळी माझ्यावरच येते. आधी बाबांच्या वेळी, मग दादाच्या. आता धाकट्याच्या. दमले हो मी.

तिघांनाही मधुमेह. तिघंही हृदयविकारानेच गेले. आणि आम्ही म्हणत राहिलो, आमच्याकडे साखर घराण्यातच आहे. एखाद्या घरात सगळ्यांची नाकं लांब असतात ना, तसं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. तुमच्याही घरी असेल. रक्त तपासायचं ठरलं की आधी चार दिवस कडक पथ्य. भात बंद, कारल्याचा रस सुरू, संध्याकाळी लांब चालायला जायचं. रिपोर्ट चांगला आला की त्याच दिवशी जिलेबी. सुहास मला फोन करायचा, "ताई, पास." साठीला आलेला माणूस, पण आवाज दहावीतल्या मुलाचा. आम्ही सगळे त्याचं अभिनंदन करायचो.

डॉक्टरांनी त्याला समजावलं होतं. एका सकाळची साखर म्हणजे सगळं नव्हे. वर्षानुवर्षं वाढलेली साखर रक्तवाहिन्या आतून खराब करते. जोडीला रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल असलं की धोका आणखी वाढतो, हृदयाला, मेंदूला, पायांनासुद्धा. म्हणून त्या दोन्हींच्या गोळ्या दिल्या होत्या. सुहासने साखरेची तेवढी चालू ठेवली. पास झालोय, मग बाकीच्या कशाला, असं त्याचं म्हणणं. त्याची बायको, मीना, रोज ताटाशेजारी गोळ्या ठेवायची. तो रोज बाजूला सारायचा. हट्टी होता माझा भाऊ. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, पण हट्टी होता.

आता त्या रविवारचं सांगते. ते सांगायलाच मी उभी राहिले आहे.

सकाळी त्याला दरदरून घाम आला. अंघोळ करून आला तर धाप लागलेली. पोटात जड वाटतंय म्हणाला. मीना म्हणाली, चला डॉक्टरांकडे. तो म्हणाला, गॅस झालाय, ओवा दे. तिने दिला. थोड्या वेळाने तिने परत विनवलं. तेव्हा तो काय म्हणाला, ऐका.

"छातीत कुठे दुखतंय मला? दुखलं की जाऊ."

त्याला दुखलंच नाही. मंडळी, दुखलंच नाही हो. शेवटी मीनाने ऐकलं नाही, शेजाऱ्यांना हाक मारली, रिक्षा बोलावली. पण उशीर झाला होता. नंतर मी डॉक्टरांना विचारलं, असं कसं झालं? ते म्हणाले, जुन्या मधुमेहात नसा बधिर झालेल्या असू शकतात. हृदयविकाराचा झटका येतो आणि छातीत कळ येतच नाही. नुसता घाम, धाप, थकवा, मळमळ. घरच्यांना पित्त वाटतं.

हे मला आत्ता कळलं. तीन माणसं गेल्यावर. मीनाला ते कुणी सांगितलं होतं? तिने कुठून ओळखायचं होतं?

गेले काही दिवस भेटायला येणारा जो तो तिला तेच विचारतो. अगं, तू घरात होतीस ना? तुला कळलं कसं नाही? मायेनेच विचारता, मला माहीत आहे. पण काल ती मला म्हणाली, "ताई, मी ओवा दिला म्हणून गेले का हो ते?"

मीना, मी तुझी नणंद आहे. सगळ्यांसमोर सांगते, नाही. तू जे करायचं ते सगळं केलंस. माझ्या भावाने तुझं ऐकलं नाही.

आणि मंडळी, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांनी हृदयाचं डॉक्टरांना विचारून घ्या. घाम आला, धाप लागली, तर दुखायची वाट बघू नका. सरळ दवाखाना गाठा. मला आता आणखी एका सभेत उभं राहायचं त्राण नाही.

दोन मिनिटं सुहाससाठी शांत उभे राहू या. नंतर जाताना मीनाला भेटाल, तिचा हात हातात घ्या. पण काही विचारू नका. तिच्यासमोर तेवढेच शांत राहा.