टपावरची गाठ

सत्यशीला: ही नको. ही मला उचलत न्हाई.

अजिनाथ: तुला कोन उचलायला सांगतंय? मी हाय की. पोरी, ही गिअरवालीच काढ. एक लाल, एक निळी.

धनश्री: काका, काकूंना एकदा हात तर लावू द्या. दुकानात घडीच्या सायकली चार-पाच प्रकारच्या आहेत. कशासाठी हव्यात ते कळलं तर मला दाखवायला सोपं जाईल.

अजिनाथ: ती भाईर उभी हाय ना पांढरी, तिच्यासाठी. जुनी ट्रॅव्हलर घेतली, शिटा काढल्या, आत पलंग, शेगडी, बेसिन, समदं बसवलं. मोटरहोम म्हनत्यात तिला. उभा जन्म एसटी हाकली, आता सोताची हाकायची. परवा निघतोय, थेट कन्याकुमारी. गाडी एका जागी लावायची आन गावात दोघांनी सायकलीवर हिंडायचं.

धनश्री: मग गिअरची चालवायला आरामशीर आहे, पण फ्रेम लोखंडी, वजनाला जड. ही दुसरी बघा, ॲल्युमिनियमची. चाक लहान, गिअर नाहीत. पण घडी केली की एका हातात येते.

अजिनाथ: ती शाळेतल्या पोरांची दिसती. चढाला काय कामाची?

सत्यशीला: चढाला उतरून ढकलू. मला ती बघू दे, पोरी.

अजिनाथ: आगं, पडदे तुझ्या पसंतीचे घेतले, भांडी तुझ्या पसंतीची. सायकलीतलं तुला काय कळतंय?

सत्यशीला: कळतंय. ऊसतोडीला गेलो की बापाच्या सायकलीवर बैलांसाठी उसाच्या वाढ्याचे भारे मीच आनायची. तुमी तवा चालवायला शिकत हुता. धनश्री नाव ना तुझं? ही सायकल भाईर घे. गाडीच्या मागं लोखंडी स्टँड केलाय, त्याच्यावर ठिवून बघायची, आन काढून बघायची. मी एकटी.

अजिनाथ: काढायला मी हाय म्हनलं ना.

सत्यशीला: आन तुमी नसला तर?

अजिनाथ: मी कुठं जातोय? गाडी कोन चालवनार?

सत्यशीला: खर्ड्याला कोन चालवत हुतं?

अजिनाथ: ते हितं दुकानात कशाला आता.

सत्यशीला: घरी विषय काढला की टीव्हीचा आवाज वाढवता. मग हितंच बोलते.

धनश्री: काकू, मी चहा सांगून येते.

सत्यशीला: तू थांब. सायकल तू देनार हायस, तुला म्हाईत पायजे. गेल्या म्हयन्यात गाडीची ट्रायल म्हनून माझ्या माहेरी गेल्तो, खर्ड्याला. भावाचं घर सोडून ह्यांनी गाडी लावली किल्ल्याच्या पलीकडं, माळावर. गाडीतच झोपायची हौस. सकाळी हे पायरीवर चहा प्यायला बसले आन तसंच ऱ्हायले. अंग घामानं निथळतंय, हात छातीवर. मोबाईलला रेंज न्हाई. जुनी सायकल टपावर बांधलेली. शिडीनं वर चढले, तर तिला ह्यांची गाठ.

अजिनाथ: गाठीला नाव ठिवू नको. डायवर व्हायच्या आधी डेपोत टपावर सामान बांधायचो मी. पेट्या, पोती, कोंबड्यांच्या पाट्या. घाटात बी सुटली न्हाई कधी.

सत्यशीला: माझ्याच्यानं बी न्हाई सुटली. नखं तुटली, दातानं वढली. सुरी घ्यायचं बी सुचलं न्हाई. खाली ह्यांचं कन्हनं बी बंद झालं. मग सायकल तिथंच सोडली आन अनवानी पळत सुटले. दूध घिऊन चाललेला एक जन भेटला म्हनून बरं.

अजिनाथ: भेटला ना पन.

सत्यशीला: कन्याकुमारीपतुर जागोजाग उभा ऱ्हानार हाय का तो?

अजिनाथ: ॲसिडिटी हुती ती.

धनश्री: डॉक्टरांनी सांगितलं तसं?

सत्यशीला: डॉक्टर म्हनले, आधी ॲन्जिओग्राफी, मग स्टेअरिंग. ह्याच रस्त्याला पुढच्या चौकात बसत्यात ते. आत्ता येताना त्यांच्या दारावरून आलो. ह्यांनी मान बी वळवली न्हाई.

अजिनाथ: आल्यावर करू म्हनलं ना. आन तपासनीत काय निघालं तर? गाडी गेली की माझी. आमच्यातला एक डायवर मेडिकलला नापास झाला, त्याला गेटवर खुर्ची दिली. कालपतुर ज्याच्या मागं गाडीभर मान्सं बिनघोर झोपायची, त्यानं दुसऱ्याच्या गाडीला गेट उघडायचं. नजर वर करत नव्हता तो. मला भ्या वाटतंय त्याचं. झालं? सांगितलं.

सत्यशीला: मला बी भ्या वाटतंय. तुमाला खुर्चीचं, मला त्या माळाचं. डोळं मिटलं की मी टपावर आसते आन खाली तुमी. घरी बसा म्हनत न्हाई मी. येनार हाय मी गाडीत. पन माझ्या हातानं निघंल अशी सायकल पायजे. न्हाईतर तुमी एकटे जा.

अजिनाथ: घे पोरी, ती बारकी घे भाईर.

(तिघं दुकानाबाहेर, गाडीच्या मागे येतात.)

धनश्री: काका, दोरी राहू द्या. हा पट्टा आहे, बटण दाबलं की सुटतो.

अजिनाथ: बटनावर माझा भरवसा न्हाई. एक खड्डा लागला की सायकल रस्त्यावर. सर जरा. ह्याला आसं वेढायचं, आसं खालून घ्यायचं. हां. आता हलवून बघ.

सत्यशीला: हलत न्हाई. आता तुमी पायरीवर बसा. त्या दिशी बसला हुता तसंच.

अजिनाथ: बसलो. पुढं?

सत्यशीला: पुढं काय न्हाई. बसून ऱ्हायचं.

धनश्री: काकू, नखाला लागेल. द्या, मी बघते.

सत्यशीला: तू नको. माळावर तू नव्हतीस.

धनश्री: काकू, दात नका लावू. काका, सांगा ना यांना.

अजिनाथ: सोड. मी सोडतो.

सत्यशीला: उठायचं न्हाई. त्या दिशी उठला हुता का?

अजिनाथ: आगं, तोंडातनं रगत येतंय तुझ्या.

सत्यशीला: तवा बी आलं हुतं. तुमी बघितलं नव्हतं.

अजिनाथ: पोरी, कात्री आन. काप ती दोरी. समदीच काप. आन तुझा तो पट्टा लाव.

धनश्री: लावला. काकू, हे लाल बटण. दाबा.

सत्यशीला: सुटली. आली की हातात. ही घडी कशी उघडायची?

धनश्री: हँडल वर घ्या, मधली खिट्टी लावा. झालं. बसा, एक चक्कर मारून या.

अजिनाथ: हळू जा. रस्त्याला टेम्पो लई हायेत.

धनश्री: छान चालवतात हो काकू. पण काका, त्या वळल्या नाहीत. सरळ चौकाकडे चालल्यात.

अजिनाथ: नंबर लावायला गेली ती. डॉक्टरकडं.

धनश्री: मग तुम्ही जाणार?

अजिनाथ: जावं लागंल. तिनं हाक मारायची वाट कशाला बघू.

धनश्री: आणि दुसरी कोणती देऊ? गिअरची?

अजिनाथ: न्हाई. तसलीच दे, बारकी.

धनश्री: बांधून ठेवते मागे. पट्टा घट्ट आवळू ना?

अजिनाथ: बेतानं आवळ. तिला सुटली पायजे.