सोमवारची दाढी

सन १९४१. नंदुरबारच्या बाजारात कंदिलाची काच घ्यायला मी दुकानात थांबलो होतो. पुढे दोन म्हातारे होते. ब्राह्मणपुरीचे शेतकरी भाईदास आप्पा आणि तीस वर्षं त्यांची दाढी करणारे वहाब न्हावी. आप्पांच्या गालावर ताजी जखम होती. वहाबभाई पातं बसवायची दाढीची यंत्रं हातात घेऊन पारखत होते.

“आप्पा, हाई पत्र्यानं नको. हाई पितळनं ले. जड शे, दाबनं पडत नही.”

“माले कसाले? तू शे ना.”

“मन्हा हात थरथर कापस आते. तुन्हा गाल मीच चिरा.”

“थोडंसं लागनं त लागनं.”

“उद्या गळाले लागी. आते मी वस्तरा धरस नही, आप्पा. थकनू.”

“पात्याखाले ह्या दात कसाले?”

“कातडी वाचाडाले. हात हालना तरी पातं खोल जात नही.”

“हात हालना तरी?”

“हा.”

“मंग हाई यंत्र तूच धर.”

“मी? न्हावीना हातमा यंत्र देखीसन गाव हसी.”

“हसू दे. घरवाली गयी, जोडीदार गयात. सोमवारे तू दाढीले येस, तवयच कोन्ही मन्हासंगे बोलस.”

वहाबभाईंनी पितळेचं यंत्र दुकानदारापुढे ठेवलं.

दुकानदारानं विचारलं, “आप्पा, कागदात बांधून देऊ?”

वहाबभाईंनी काखेतली आपली वस्तऱ्यांची धोकटी उघडून पुढे केली.

“कागद नको. ह्यामा टाक.”