मशीनबरोबर आलेला माणूस

— पी पी, विष नाही घातलं त्यात. मोहरीचा दाणा आला असेल दाताखाली, नाहीतर मुगाचा. बशीत टाक आणि पी. या घरात हल्ली सगळं एकाच डब्यात असतं — चहापत्ती, साखर, मूग, मोहरी, परवा तर सुई निघाली — मी नाही गं, मी कशाला करीन, मला काय वेड लागलंय? हे सगळं माझ्या भावाचं काम. तुमच्या ऑफिसातल्या रॉयस्टनचं. एक दिवस मी ड्युटीवरून आले तर सगळे डबे ओट्यावर पालथे आणि हा एका मोठ्या पिंपात सगळं ओततोय. म्हटलं, अरे मेल्या, काय हे? तर म्हणतो, ‘बाय, वेगळं काढायचं नाही. वेगळं काढलं की कोणीतरी राहून जातं.’ काहीतरी नाही म्हणाला हं. कोणीतरी.

तो तिसरा कप? असू दे. झाकून ठेवलाय ना, मग असू दे. रॉयस्टन चहा पीत नाही, आत पडलाय, त्याला उठवायचं नाही. तुला लॅपटॉप हवाय, बरोबर? साहेबाने तुलाच पाठवलं, कारण तू वसईची, लवीना, आपली पोर, आणि दुसऱ्या कोणाला लिझीबाय दारात उभं करणार नाही हे त्याला ठाऊक. शमालच्या, त्या उत्तरेकडच्या नव्या साइटवर तोच बसचा प्रोग्रॅम चढवायचाय, येत्या गुरुवारी, आणि रॉयस्टनने नोकरी सोडताना तो ऑफिसातून पुसून टाकला, आता फक्त या लॅपटॉपात आहे. कुठे आहे विचारू नकोस. मी बसलेय ना त्याच्यावर, ही उशी अशी उंच का वाटते तुला?

प्रोग्रॅम काय ते तुला माहीत, पण माझ्या तोंडून ऐक. मी चौथी शिकले, पुढे बाबाने घरी बसवलं. इथे दोहात हॉस्पिटलच्या लाद्या पुसून मी या भावाला कॉम्प्युटर शिकवला, आणि जेवताना तो जे बडबडायचा ते ऐकायला माझ्याशिवाय होतं कोण? तर तुमची जुनी यादी म्हणजे गोणी. नाव नसलेली. माणसं, पाण्याची पिंपं, जनरेटर, फावडी, जे साइटवर गेलं ते सगळं तिच्यात. संध्याकाळी मुकादम ते सगळं ओरडून वाचायचा, माणूस असो की फावडं, आणि मग गाडी हलायची. वेळ लागायचा, शिव्या पडायच्या, पण वाचलं सगळं जायचं. साहेबाला ते नको. माणसांची वेगळी यादी हवी, जिच्यात माणसाशिवाय दुसरं काही शिरताच कामा नये. मग हा बसला गोणीतलं काढून डब्यात भरायला. त्याचे म्हणे दोन रस्ते असतात — चुकलं तर सांग, शिकलेली तू — एक असा की माणूस नसलेलं काही हाताला लागलं की कॉम्प्युटर तिथेच थांबतो, लाल अक्षरं दाखवतो, पुढे जातच नाही. दुसरा असा की माणूस नाही ना, मग सोडून दे, गुपचूप पुढे चल. पहिल्यांदा याने थांबणाराच केला होता. तर पिंप आलं, थांबलं. फावडं आलं, थांबलं. बस उभी, माणसं उन्हात उभी, आणि साहेब फोनवर — ‘व्हॉट इज धिस रॉयस्टन, यल्ला, फिनिश इट!’ मग याने दुसरा केला. एकच शब्द बदलला म्हणे. त्या दिवसापासून कधी थांबलं नाही. साहेबाने बिर्याणी मागवली सगळ्यांना. तूही खाल्ली असशील — मान कशाला खाली घालतेस, मीही खाल्ली, डब्यातून घरी आणली होती त्याने. चांगली होती.

आता मला सांग, तांदूळ निवडताना तू काय करतेस? खडा टाकतेस. पण टाकायच्या आधी बोटांत धरतेस ना, बघतेस ना? एखादा खडा खडा नसतोच, तांदूळच असतो, काळा पडलेला. तो परत आत टाकतो आपण. या तुमच्या दुसऱ्या रस्त्यात फेकलेलं कोण बघतं? — कोणी नाही. दाखवतच नाही तो.

जालिंदरला तू पाहिलं नसशील. साताऱ्याकडचा, वेल्डर. तो तुमच्या कंपनीचा नव्हताच, दुसऱ्या कंपनीकडून वेल्डिंगचं मशीन भाड्याने आणलं त्याच्याबरोबर आलेला. आणि तुमच्या लोकांनी त्याला यादीत भरला कसा? ‘वेल्डिंग मशीन, ऑपरेटरसह.’ झालं. मशीनच्या पोटात माणूस. गोणीत होता तोवर चाललं, मुकादम हाक मारायचा ‘मशीनवाला!’ आणि हा धावत यायचा. मग आला नवा कागद. त्यावर फक्त माणसं.

गुरुवार होता, जुलैचा. दुसऱ्या दिवशी शुक्रवारची सुट्टी. कागदावरचे सगळे बसमध्ये चढले, मुकादम म्हणाला ‘सब आ गया, चलो.’ खोटं नाही बोलला तो. जालिंदर पलीकडे टाकीमागे शेवटचा जोड मारत होता, तोंडावर काच, कानात मशीनची घरघर. बस गेलेली त्याला कळलीच नाही. साइट आत वाळवंटात, मोबाइलला तिथे रेंज नाही. रस्ता? रस्ता असेल गं, पण कुठल्या बाजूला, आणि त्या उन्हात? त्याच्या कंपनीला वाटलं हा तुमच्या कॅम्पात आहे, आणि तुमच्या कॅम्पाला काही वाटलंच नाही — यादीत नव्हता तो. पाणी? पिंपं तर संध्याकाळीच परत आली, पिंपांची वेगळी यादी होती ना. मशीनचीही होती. शनिवारी सकाळी ट्रेलर बरोबर गेला मशीन उचलायला, तेव्हा सापडला. मशीनच्या सावलीत, पाय पोटाशी घेऊन. ट्रेलरवाल्याला आधी वाटलं झोपलाय.

भुताबितांना मी भीत नाही. भूत असेल तर त्याने मला भ्यावं. रॉयस्टनला बेल ऐकू येते — संध्याकाळची, मगरीबची बांग झाली की, कॅम्पात बस पोचायच्या वेळेला. उठतो, दार उघडतो आणि बाजूला सरतो, पाहुण्याला वाट देतात तसा. मी शिव्या घातल्या, डॉक्टरकडे नेलं, तेल ओवाळलं, सगळं केलं. मग चर्चमध्ये मृतांच्या मिस्सात नाव दिलं. डाबरे, लोपीस, परेरा, आणि मध्येच — जालिंदर. कोणी विचारलं नाही हा कुठल्यातला. ती एक यादी तशी बरी, तिच्यात कोणीही मावतं. म्हटलं, खलास, आता जाईल.

गेला नाही. — हो, मीच म्हणते, रॉयस्टन नाही. दोहात वाळू कुठे नसते, मलाही कळतं. पण चौथ्या मजल्यावर, खिडक्या बंद, आणि वाळू फक्त उंबऱ्यापासून या टेबलापर्यंत? सकाळी मीच झाडते, याला दिसू देत नाही. तो चहा पितो असं नाही म्हणत मी. कप भरलेलाच राहतो. तुझा गार झाला ना? आता त्याला लाव हात. तुझ्या आधी ओतलाय तो, तरी कढत असेल. — लाव की. — नको? बरं, राहू दे.

मी देते लॅपटॉप. खरंच देते, आत्ता. एकच सांग, शमालला मशीनबरोबर आलेली माणसं कोण कोण? मोबाइल कशाला बघतेस, त्यात नाहीत ती. माहीत नाही ना? साहेबालाही माहीत नाही. मग थांबणारा रस्ता घाल. एक शब्द बदलायचाय. येऊ देत लाल अक्षरं, राहू दे बस उभी, साहेब बोंबलू दे, मुकादमाने उतरून बघायला हवं की हे काय अडकलंय — पिंप आहे की कोणाचा नवरा आहे. घालशील? माझ्याकडे बघून सांग. — ‘सरांना विचारते.’ वा गं वा, माझे बाये. सरांना विचारते. सरच तर —

गप्प. ऐकलीस? बांग झाली. आता साहेबाला नको विचारूस, दुसऱ्याला विचार. लिफ्ट थांबली बघ आपल्या मजल्यावर. रॉयस्टन, तू पडून राहा, आज मी उघडते. आणि तू ऊठ, लवीना. ऊठ म्हणते ना — ती खुर्ची त्याची आहे.